मांजराचे सतत बिघडणारे पोट आणि त्याचा आहार

मांजराला एखाद्या दिवशी उलटी झाली किंवा दोन दिवस शी पातळ झाली, तर बहुतेक वेळा ते आपोआप सावरते. पण उलट्या, जुलाब किंवा बद्धकोष्ठ यांपैकी काहीही, मध्ये मध्ये थांबून का होईना, ३ आठवड्यांहून अधिक काळ चालू राहिले, तर तो जुनाट विकार समजून पद्धतशीरपणे हाताळावा लागतो. आमच्या ठमीच्या बाबतीत हे लक्षात यायला मला जवळजवळ दीड वर्ष लागले. दर महिन्या-दीड महिन्याने तिचे पोट बिघडायचे, प्रतिजैविकाचा एक कोर्स व्हायचा, आठवडाभर बरे वाटायचे आणि पुन्हा पहिल्यासारखे सुरू व्हायचे. त्या काळात मी तिचे खाद्य अनेकदा बदलले, आणि प्रत्येक वेळी घाईने. त्यामुळे कशाने फरक पडला आणि कशाने बिघडले, हे कधी कळलेच नाही. पुढे जी पद्धत लिहिली आहे तिचे सूत्र म्हणूनच एवढेच आहे: एका वेळी एकच बदल करायचा, तो पुरेसा काळ टिकवायचा आणि त्याचा परिणाम लिहून ठेवायचा.

आहाराआधी तपासणी

आहाराने बऱ्या होणाऱ्या पोटदुखण्यांची लक्षणे आणि आहाराशी काहीच संबंध नसलेल्या आजारांची लक्षणे अगदी सारखी असतात, म्हणून पहिली पायरी पशुवैद्याकडेच पडते. विष्ठेची तपासणी करून जंत आणि जिआर्डिया, कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी यांची शक्यता दूर करावी लागते. जिआर्डिया प्रत्येक शीमध्ये सापडतोच असे नाही, त्यामुळे वेगवेगळ्या दिवसांचे ३ नमुने द्यावेत आणि नमुना शक्य तितका ताजा असावा. मांजर ८-९ वर्षांच्या पुढचे असेल तर रक्ततपासणीत थायरॉइड, मूत्रपिंड आणि यकृत पाहून घ्यावे, कारण वयस्कर मांजरांत थायरॉइडचा अतिस्राव आणि मूत्रपिंडाचा विकार हे दोन्ही उलट्या आणि घटते वजन अशाच रूपात दिसतात. गावाकडे लहान जनावरांचा तज्ज्ञ जवळ नसेल, तर परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांचा पर्याय लक्षात ठेवावा.

रक्त घेणार असतील तर त्यातच बी-१२ जीवनसत्त्वाची पातळी तपासण्याविषयी आवर्जून विचारावे. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात हे जीवनसत्त्व शोषले जाते, आणि तो भाग सुजलेला असेल तर कितीही चांगले अन्न दिले तरी ते अंगी लागत नाही. बी-१२ कमी राहिले की भूक मंदावते, भूक मंदावली की वजन उतरते, आणि आहारबदलाचा उपयोग झाला नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. कमतरता आढळल्यास पशुवैद्य सहसा सुरुवातीला आठवड्याला एक अशी सुमारे ६ इंजेक्शने देतात. गोळीच्या रूपातही ते देता येते.

काही लक्षणे दिसली तर आहाराचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. काही तासांत वारंवार उलट्या होणे, काळी डांबरासारखी शी किंवा बरेच रक्त पडणे, हिरड्या पिवळ्या किंवा पांढऱ्याफटक दिसणे, पिल्लाला उलट्या-जुलाबांसह सुस्ती येणे, ही ती लक्षणे. बोका शी-लघवीसाठी ठेवलेल्या वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन पुन्हा पुन्हा कुंथत असेल तर ते बद्धकोष्ठ समजू नये. बऱ्याचदा तो लघवीचा मार्ग बंद झालेला असतो, आणि त्यात एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. तोंडातून किंवा मागून शिवणाचा दोरा अथवा मांजा लोंबताना दिसला तर तो ओढू नये, कारण आत अडकलेला दोरा आतडे कापत जातो.

मांजराला उपाशी ठेवू नये, हेही इथेच सांगायला हवे. पोट बिघडले की लंघन करावे ही आपल्याकडची समजूत माणसांपुरती ठीक असेल, पण मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, २-३ दिवस उपाशी राहिले तर शरीरातील चरबी यकृतात साचून यकृत निकामी होऊ लागते. मोठे मांजर २४ तास काहीच खात नसेल, तर वाट न पाहता दाखवून आणावे.

वही आणि वजनकाटा

माझ्याकडे स्वयंपाकघरात एक साधी शंभर पानी वही आहे. तिच्यात रोज चार गोष्टी लिहिल्या जातात: काय आणि किती ग्रॅम खाल्ले, उलटी झाली का, शी कशी होती, आणि औषध दिले का. शीचे वर्णन करताना सर्वांनी एकच मोजपट्टी वापरली, म्हणजे घरातल्या तिघांच्या नोंदींचा मेळ बसतो. पशुवैद्यांकडे १ ते ७ अंकांचा तक्ता असतो. त्यात १ म्हणजे लेंडीसारखी खडखडीत, २ म्हणजे आकार धरलेली आणि उचलल्यावर वाळूवर फारसा डाग न ठेवणारी, आणि ७ म्हणजे पाण्यासारखी. आम्ही तो तक्ता ट्रेच्या वरच्या भिंतीवर चिकटवला आहे.

जुलाब कोणत्या प्रकारचे आहेत, हेही वहीतून उमगते. दिवसातून एक-दोनदाच पण भरपूर पातळ शी होत असेल आणि वजन उतरत असेल, तर दोष बहुधा लहान आतड्यात असतो. दिवसातून पाच-सहा वेळा थोडी थोडी, कुंथून, चिकट आव किंवा ताज्या रक्ताचा धागा असलेली शी होत असेल, तर मोठे आतडे बिघडलेले असण्याची शक्यता अधिक. पहिल्या प्रकारात सहज पचणारे अन्न उपयोगी पडते, तर दुसऱ्या प्रकारात तंतुमय पदार्थांचा चांगला परिणाम दिसतो. अनेक मांजरांत दोन्ही प्रकार मिसळलेले असतात.

वजन आठवड्यातून एकदा, एकाच वेळी करावे. मांजराला कुशीत घेऊन माणसांच्या काट्यावर उभे राहण्याची युक्ती सोपी असली तरी तीत शे-दोनशे ग्रॅमची चूक होते. लहान बाळांचा वजनकाटा मिळाला तर उत्तम, नाहीतर १० किलोपर्यंत मोजणाऱ्या स्वयंपाकघरातील काट्यावर टोपली ठेवून मांजराला तीत बसवावे. ४ किलोच्या मांजराचे ४०० ग्रॅम घटणे म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ६ किलो घटण्यासारखे आहे. केसाळ अंगामुळे डोळ्यांना ते दिसत नाही, काट्यावरच दिसते.

मांजराच्या पोटाला काय लागते

मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. टॉरीन हा घटक, तयार रूपातील अ जीवनसत्त्व आणि अरॅकिडोनिक आम्ल हे मेदाम्ल यांसाठी त्याला प्राण्यांच्या मांसावरच अवलंबून राहावे लागते. टॉरीन कमी पडल्याने मांजरांचे हृदय मोठे होऊन निकामी होते, हे १९८७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले आणि त्यानंतर तयार खाद्यांतील टॉरीनचे प्रमाण वाढवण्यात आले. घरोघरी चालणारा दूध-पोळीचा किंवा दूध-भाताचा आहार या दृष्टीने अपुरा आहेच, शिवाय दुधामुळे पोटही बिघडते. पिल्लाचे आईचे दूध सुटले की दुधातील साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर मांजराच्या आतड्यात झपाट्याने घटते. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात आंबते आणि पाणी ओढून घेते, म्हणजेच जुलाब होतात. जुनाट तक्रार असलेल्या मांजराचे दूध, साय आणि चहाच्या बशीतले दोन थेंबही बंद करून आठवडाभर पाहावे. काही घरांत एवढ्यानेच प्रश्न मिटतो. मांजराला पोळीवरच्या सायीने किती आनंद होतो हे मी पाहिले आहे, त्यामुळे ती बंद करणे घरातल्या वडीलधाऱ्यांना किती जड जाते तेही मला समजते.

दह्यात दुधापेक्षा लॅक्टोज कमी असते हे खरे, तरी पुढे दिलेल्या आहाराच्या चाचणीच्या काळात दही-ताकही नको. कच्ची मासळीही टाळावी, कारण काही जातींच्या माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे थायमिनेज असते. शिजवलेली हाडे तुटून टोकदार होतात. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, त्यामुळे रश्श्यातला तुकडा धुऊन दिला तरी तो सुरक्षित ठरत नाही.

आहाराची चाचणी

जुनाट उलट्या-जुलाब असलेल्या मांजरांपैकी बरीचशी केवळ खाद्य बदलल्याने सुधारतात. मात्र त्यासाठी बदल नेमका असावा लागतो. मांजरांत अन्नाची अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा प्रथिनांची असते, आणि नोंदींमध्ये गोमांस, मासे आणि कोंबडी ही नावे सर्वाधिक आढळतात. आपल्याकडची मांजरे कोंबडी आणि मासे यांवरच वाढलेली असल्याने एका कंपनीचे चिकनचे खाद्य सोडून दुसऱ्या कंपनीचे चिकनचे खाद्य आणण्याने सहसा काही साधत नाही. मी आधी नेमके हेच करत होतो.

योग्य मार्ग दोन आहेत. पहिला हायड्रोलाइज्ड प्रथिनांच्या खाद्याचा. त्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची प्रतिकारयंत्रणा सहसा ती ओळखत नाही. पशुवैद्याच्या सल्ल्याने मिळणारी ही खाद्ये महाग असतात, तरी जमत असेल तर सुरुवात यानेच करावी, कारण यात पोषणाचा समतोल आधीच साधलेला असतो. दुसरा मार्ग मांजराने पूर्वी कधीच न खाल्लेल्या प्राण्याच्या मांसाचा. आपल्याकडे कोंबडी-मासळीवर वाढलेल्या मांजरासाठी बोकडाचे मटण हा व्यवहार्य पर्याय ठरतो. ते चरबी काढून, मीठ, हळद, आले-लसूण यांपैकी काहीही न घालता शिजवावे आणि शिजवलेले पाणी त्यातच ठेवावे, कारण टॉरीन पाण्यात उतरते. निव्वळ मांस मात्र चाचणीच्या थोड्या आठवड्यांपुरतेच चालते. त्यात कॅल्शियम जवळजवळ नसते, आणि वाढत्या पिल्लांची हाडे अशा आहाराने वाकतात व मोडतात. पिल्लांसाठी हा मार्ग नकोच. मोठ्या मांजराला तो पुढे चालू ठेवायचा असेल, तर कॅल्शियम, टॉरीन आणि जीवनसत्त्वे मोजून घातलेली पाककृती पशुआहाराच्या जाणकाराकडून लिहून घ्यावी.

बाजारात 'लॅम्ब' किंवा 'डक' असे ठळक लिहिलेल्या पिशवीच्या मागच्या बारीक अक्षरांत पुष्कळदा चिकन मील (कोंबडीची वाळवून केलेली भुकटी), कोंबडीची चरबी किंवा माशाचे तेल असते. चाचणीसाठी अशी पिशवी निरुपयोगी आहे. घटकांची पूर्ण यादी वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

नवे खाद्य एकदम सुरू करू नये. पहिले २-३ दिवस पाव भाग नवे आणि पाऊण भाग जुने, मग निम्मे-निम्मे, मग पाऊण भाग नवे, असे ७ ते १० दिवसांत पूर्ण बदलावे. चोखंदळ मांजराला यासाठी तीन आठवडेही लागू शकतात, आणि तेवढे द्यावेत. चाचणीचे दिवस मात्र जुने खाद्य पूर्णपणे थांबल्यापासून मोजायचे. पोटाच्या तक्रारींत बहुतेक मांजरांचा फरक २ आठवड्यांत दिसू लागतो. त्वचेची खाजही असेल तर किमान ८ आठवडे लागतात. २ आठवड्यांत काहीच हलले नाही तर पशुवैद्याशी बोलून दुसऱ्या प्रकारच्या खाद्याची चाचणी घ्यावी, कारण पहिले खाद्य अपयशी ठरलेली मांजरे दुसऱ्याने सुधारल्याचे पुष्कळदा दिसते. दोन-तीन नीट पाळलेल्या चाचण्यांनंतरही फरक नसेल, तर सोनोग्राफी आणि आतड्याच्या तुकड्याची तपासणी यांचा विचार करावा लागतो. आतड्याची दीर्घ सूज आणि आतड्यातील मंद गतीचा कर्करोग यांतला भेद बाहेरून ओळखता येत नाही.

चाचणी फसण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे घरातलेच कोणीतरी दिलेला एखादा घास. ठमीच्या पहिल्या चाचणीचे ११ दिवस फार चांगले गेले. शीचा अंक ६ वरून ३ वर आला होता, आणि बाराव्या दिवशी अचानक पुन्हा जुलाब सुरू झाले. दोन दिवस मी खाद्यालाच दोष देत होतो. मग गॅलरीच्या कोपऱ्यात, तुळशीच्या कुंडीमागे, सुक्या बोंबलाचे शेपूट सापडले. शेजारच्या आजी तिला रोज दुपारी प्रेमाने एक तुकडा देत होत्या, आणि चाचणीविषयी त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. मी त्यांच्याकडे वही घेऊन गेलो, तारखा आणि अंक दाखवले. त्यानंतर त्यांनी स्वतःच हायड्रोलाइज्ड खाद्याचे दाणे एका वाटीत मागून घेतले आणि दुपारी त्यांतलेच चार दाणे देऊ लागल्या. मोलकरीण, शाळेतून येणारी मुले, पाहुणे, वॉचमन, या सगळ्यांना पहिल्या दिवशीच सांगावे. चवीची जंताची गोळी, नळीतून चाटवायचे मलईसारखे खाऊ, दुसऱ्या मांजराच्या ताटलीतले उरलेले, हे सारे चाचणी बिघडवते. बाहेर हिंडणाऱ्या मांजराला या काळात घरातच ठेवावे लागते, नाहीतर चाचणीला अर्थ राहत नाही. घरात एकाहून अधिक मांजरे असतील तर वेगवेगळ्या खोल्यांत जेवू घालावे आणि २० मिनिटांनी ताटल्या उचलाव्यात.

किती, केव्हा, कसे

घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या ४ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २४० किलोकॅलरी लागतात. कोरड्या खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये सामान्यतः ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात, म्हणजे दिवसाचे ५५ ते ६५ ग्रॅम पुरतात. हे प्रमाण सकाळीच काट्यावर मोजून डब्यात काढावे आणि दिवसभर त्यातूनच द्यावे. संवेदनशील पोटाला दोन मोठ्या जेवणांपेक्षा चार-पाच लहान जेवणे मानवतात. पहाटे पिवळसर पाण्याची उलटी करणाऱ्या मांजराला रात्री झोपण्यापूर्वी थोडे खायला दिले की ती उलटी अनेकदा थांबते. खाल्ल्याबरोबर अख्खे दाणे ओकणारे मांजर बहुतेक वेळा घाईने गिळत असते. त्याच्यासाठी खोल वाटीऐवजी पसरट ताटलीत दाणे विखरून ठेवावेत.

ओल्या खाद्यात ७५ ते ८० टक्के पाणी असते, कोरड्यात १० टक्क्यांच्या आसपास. मांजराला तहान कमी लागते, त्यामुळे जुलाबाच्या आणि बद्धकोष्ठाच्या अशा दोन्ही मांजरांना ओल्या खाद्याने पाणी पुरते. ओले खाद्य फ्रीजमधून काढून थेट देऊ नये. वाटी कोमट पाण्यात ठेवून ते अंगाच्या उबेइतके करावे, म्हणजे वास सुटतो आणि भूक चाळवते. ताटलीत उरलेले उन्हाळ्यात तासाभराने टाकून द्यावे. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत कोरडे खाद्यही दमट होऊन खवट होते किंवा त्याला बुरशी धरते, म्हणून ते मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि महिनाभरात संपेल एवढीच पिशवी आणावी. ऐन जुलैमध्ये बिघडलेल्या पोटाचे कारण कधीकधी मोठ्या पिशवीच्या तळाशी सापडते.

बद्धकोष्ठ आणि केसांच्या गोळ्या

दोन-तीन दिवस शी झाली नाही, किंवा खडखडीत आणि कष्टाने होत असेल, तर आधी पाणी वाढवावे आणि मग तंतुमय पदार्थ. इसबगोल मांजरांना चांगला लागू पडतो. पाव चमच्यापासून सुरुवात करून तो ओल्या खाद्यात, वरून आणखी थोडे पाणी घालून नीट भिजवावा. कोरडा इसबगोल कधीही देऊ नये, कारण पाण्याविना तो उलट अडकतो. वाफवलेला, मीठ-तेल न घातलेला लाल भोपळाही चमचाभर चालतो, पण त्यातले तंतू इसबगोलाच्या तुलनेत फारच थोडे असतात. माणसांसाठीचा फॉस्फेटचा एनिमा मांजराला प्राणघातक ठरू शकतो. जुलाब थांबवणारी आपली औषधेही देऊ नयेत, आणि पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराचा जीव घेते.

केसांची गोळी अधूनमधून पडणे स्वाभाविक आहे. ती आठवड्या-दोन आठवड्यांनी पडत असेल तर मात्र आतड्याची हालचाल मंदावलेली असू शकते, आणि वर सांगितलेली चाचणी अशा मांजरालाही लागू होते. रोज विंचरण्याने गिळले जाणारे केस कमी होतात.

जुने अन्न पुन्हा देऊन पाहणे

पोट ६-८ आठवडे स्थिर राहिले की बहुतेक जण तिथेच थांबतात. माझ्या मते पुढची पायरी टाळू नये. जुने खाद्य थोडे देऊन पाहावे. काही दिवसांत तक्रार परतली तर दोष खाद्याचाच होता हे पक्के होते. मग पोट पुन्हा शांत झाल्यावर एकेक घटक, म्हणजे आधी फक्त उकडलेली कोंबडी, मग फक्त मासा, प्रत्येकी एक-दोन आठवडे देऊन पाहायचा. ठमीला मासळीने त्रास होतो आणि कोंबडी चालते, हे असे कळले. त्यामुळे महागड्या खाद्याऐवजी मासा अजिबात नसलेल्या साध्या संतुलित खाद्यावर तिला आणता आले. ज्या मांजराची आतडी फार सुजलेली होती किंवा वजन अजून भरलेले नाही, त्याच्यावर हा प्रयोग पशुवैद्याला विचारल्याशिवाय करू नये.

चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या पदार्थांची यादी आमच्या फ्रीजवर लावलेली आहे. गावी जाताना तिची एक प्रत, रोजच्या खाद्याच्या मोजलेल्या पुड्या आणि वही आम्ही शेजारच्या आजींकडे देतो. परत आल्यावर आधी वहीतले आकडे पाहतो आणि मग ठमीला काट्यावरच्या टोपलीत बसवतो.